सुई आणि सबब

मी भित्रा माणूस नाही. धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडवरून संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर चालवणाऱ्याला भित्रा म्हणण्याचं धाडस कोणी करू नये. पण सकाळी चहाच्या आधी आमची ही ती निळी डबी घेऊन समोर उभी राहते, "बोट पुढे करा" म्हणते, आणि माझ्यातला शूर पुरुष कुठे पसार होतो ते कळत नाही. सुई खट्कन टोचते, रक्ताचा थेंब पट्टीला लागतो, पाच सेकंदांत यंत्र साखरेचा आकडा सांगतं. आकडा पाहून हिची जी मुद्रा होते, ती मात्र पाच तास टिकते.

त्यावर माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "तपासायला माझी ना नाही. हरकत आहे ती सुईला. सुईशिवाय काही निघू दे, मग दिवसातून दहा वेळा तपास." मोठं सोयीचं वाक्य. तसं काही निघणार नाही याची मला खात्री होती.

आणि एके दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आता म्हणे प्रकाशानं साखर मोजणार. बोटावर उजेड टाकायचा, बस्स!" हिनं ते ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आता काय सांगाल?"

सबब हातची जायची वेळ आली की माणूस अभ्यासाला लागतो. मीही लागलो.

पहिल्यांदा कळलं ते हे, की कल्पना फार जुनी आहे. सुईवाचून साखर ओळखणारं पहिलं यंत्र म्हणजे मुंगी. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवलं आहे. मुंगी फी घेत नसे, उपाशीपोटी बोलवत नसे. फक्त आकडा सांगत नसे, म्हणून ती मला आजही आदर्श वाटते.

दुसरं कळलं ते हे, की काम वाटतं तितकं सोपं नाही. २०२० साली करोनाच्या दिवसांत बोटाला लावायचा तो चिमटा घरोघर आला होता. तो प्रकाशानंच रक्तातला प्राणवायू मोजतो. रक्ताला रंग आहे, प्राणवायू कमी-जास्त झाला की तो रंग बदलतो, आणि चिमटा तेवढं ओळखतो. साखरेला रंगच नाही. शिवाय ती असते किती? निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या, म्हणजे पाचेक लिटर रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या गर्दीत तो चमचा बाहेरून शोधणं म्हणजे गोकुळपेठ बाजारात गच्चीवरून टॉर्च मारून कोणाच्या पिशवीत किती मिरच्या आहेत ते सांगण्यासारखं आहे.

पण शास्त्रज्ञ चिवट. पदार्थावर उजेड टाकला की परत येणाऱ्या उजेडाचा अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि प्रत्येक रेणूची रंग बदलण्याची तऱ्हा वेगळी, जणू त्याची सहीच. हे १९२८ साली सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात दाखवलं आणि १९३० साली नोबेल मिळवलं. त्याच्या पुष्कळ आधी, १९१० च्या सुमाराला, हे रामन वित्त खात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते. मीही नागपुरात हिशेब तपासण्याच्याच नोकरीत जन्म घालवला. आमच्यातलं साम्य एवढंच. त्यांच्या शोधाच्या आधारे २०२० साली अमेरिकेत एमआयटीच्या मंडळींनी जिवंत डुकरांच्या कातडीतून साखरेची सही टिपली. २०२५ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तर आणखी कमाल केली. लेझरचा उजेड पडला की आतला मांसल भाग एक अंशाहूनही कमी तापतो, फुगतो, आकसतो आणि त्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो. त्या आवाजावरून साखरेचा अंदाज! म्हणजे मी खाल्लेल्या संत्रा बर्फीला आता वाचा फुटणार.

मी खचलो. तेवढ्यात एक बातमी सापडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोकांना बजावलं होतं की, न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका; अशा एकाही वस्तूला आम्ही मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर औषध घेतलं तर जिवावर बेतेल. मी ती बातमी हिला मोठ्यानं वाचून दाखवली, अगदी विजयी स्वरात.

ही पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तुम्ही खूश काहून होऊन राहिले?"

आता बघा, या प्रश्नाला उत्तर आहे का? सुईला भिणाऱ्यानं ती बातमी ऐकून रडायला हवं होतं. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. म्हणजे माझं भय सुईचं नव्हतंच, आकड्याचं होतं. सुई बिचारी चाळीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेल्या त्या कारकुनासारखी. साहेबाची चूक आपल्या अंगावर घेणारी.

पण हरलेला माणूस तत्त्वज्ञानाचा आश्रय घेतो. मी म्हटलं, सत्याला थोडी किंमत मोजायलाच हवी. फुकट कळलेल्या गोष्टीची कदर राहत नाही. आणि दुसरं, सुई माझी परवानगी मागते. बोट मी पुढे करतो तेव्हाच रक्त बोलतं. उजेड कोणाला विचारतो? उद्या विमावाला हात मिळवील आणि माझी बर्फी मोजून जाईल!

हे तत्त्वज्ञान मी वरच्या मजल्यावरच्या नातवंडासारख्या मुलीला ऐकवलं. वय वर्षं नऊ. तिच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा बोट टोचायचं आणि वर इंजेक्शनं. दंडाला चिकटवायची चकती मिळते, पण तिच्याही पोटातली केसासारखी तार कातडीखाली जातेच, आणि दर पंधरवड्याला नवी चकती घेणं सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग आपली बोटं पाहत विचारलं, "आजोबा, तुम्हाला दिवसातून एकदाच टोचतात नं?"

मी गप्प बसलो. दुःखाची थोरवी गायला ज्याला दुःख टाळता येतं तोच बसतो. तिला सत्याची किंमत शिकवायला मी कोण? ती रोज रोखीनं चुकवते आहे. परवानगीचा प्रश्न खोटा नाही, पुढेमागे त्याचा कायदा करावाच लागेल. पण गुपित राखायला कुलूप शोधावं, लेकराच्या बोटातली सुई पहाऱ्याला ठेवू नये. तो उजेड लवकर यावा, आणि आधी तिच्याकडे यावा. माझं काय, मी रांगेत थांबीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता बोट पुढे केलं. हिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. आकडा आला दोनशे बारा.

"रात्री काय खाल्लं?"

"संत्रा बर्फी," मी म्हणालो. "दोन तुकडे."

तीन होते. पण सत्याची सवय एका दिवसात होत नाही.