परतीची वेळ

एप्रिलमधली नागपूरची रात्र आहे. गच्चीवर असा किंवा कूलरसमोर, पाठ टेकून बसा. मे महिन्यातल्या हिमालयाच्या ट्रेकचं आरक्षण झालं असेल, सॅकही अर्धी भरली असेल. आज तिच्यात काही घालायचं नाही. एका बर्फाच्या उतारापुढं मनानं उभं राहायचं आहे. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

पहाटेचे चार वाजलेत. पायाखालचा बर्फ टणक आहे. रात्री आभाळ निरभ्र होतं, म्हणून दिवसा मुरलेली ऊब निघून गेली आणि वितळलेलं पाणी कणाकणांत पुन्हा गोठलं. त्या गोठण्याच्या बळावर उतार तुमचं वजन पेलतो आहे. आता त्याच रात्रीच्या आभाळात ढग आणा. ऊब अडली, बर्फ नीट गोठलाच नाही. दिसायला उतार तोच. पण पाय भल्या पहाटेच घोट्यापर्यंत रुततो. इथं थोडं थांबा. रात्री ढग होते का? तंबूबाहेर पडताना हा प्रश्न आधी आठवावा, एवढा तो मुरू द्या.

सूर्य वर येतो. पूर्वेकडं तोंड असलेले उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. पाणी बर्फात झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खडकांजवळून बर्फाचे गोळे आपसूक घरंगळू लागतात. पाय गुडघ्यापर्यंत जातो. उतार एवढंच सांगत असतो, आणि एवढं पुरेसं असतं. वसंतातलं ओलं हिमस्खलन भुकटीचे लोट उडवत येत नाही. ते जडपणानं वाहत येतं आणि थांबलं की आवळून घट्ट होतं.

नागपूरकराला ऊन शिकवावं लागत नाही. नवतप्यात बाहेरची कामं आपण सकाळीच उरकतो. दुपारी कुणी बोलावलं तर ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हेच शहाणपण चार हजार मीटरवर न्यायचं आहे. तिथं हवा गार असते, म्हणून उन्हाचा विसर पडतो.

आता उताराकडं नीट पाहा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तुमची वाट सपाट असली तरी डोक्यावर काय आहे, ते पाहा. झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडल्या असतील, जंगलात मधोमध उघडा पट्टा असेल, तर तिथून बर्फ याआधी गेलेला आहे. तिथं जेवायला बसू नका, तंबू ठोकू नका. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथं सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं. ५४ कामगार अडकले. ४६ जणांना वाचवता आलं, आठ जण गेले. ही माणसं शिखरावर निघाली नव्हती, मुक्कामाला होती. त्यांच्यासाठी एक श्वास सावकाश घ्या.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आपल्याच शहरात आहे. सुटकेचं काम शिकायला माणसं इथं येतात. पण बर्फाखाली दबलेल्याचा श्वास कोंडतो आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. तेवढ्या वेळात कोणतंही दल डोंगरात पोहोचत नाही. पोहोचतात ते सोबती. म्हणून धोक्याचा उतार एकेकानं ओलांडायचा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारं चालू बीकन, सॅकमध्ये बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सरावही. यातलं काही नसेल, तर तो उतार आपला नाही.

शेवटी स्वतःकडं पाहा. अकरा वाजलेत. खिंड समोर दिसते आहे. पाय रुततो आहे. मनात काय काय बोलू लागतं, ते ऐका: सुट्टी पुन्हा मिळणार नाही, पैसे भरलेत, पुढचा गट गेलाच की. या आवाजांना गप्प करू नका, फक्त ओळखून ठेवा. दमलेल्या शरीराला ते खरे वाटतील, म्हणून त्यांचा निवाडा तिथं करायचा नाही. तो इथं, सपाटीवर, पोटभर जेवल्यावर करायचा. कितीही जवळ असलो तरी किती वाजता वळायचं? रात्री बर्फ गोठला नाही तर निघायचं का? स्थानिक वाटाड्या ‘नको’ म्हणाला, किंवा आपल्यातला सर्वांत नवखा म्हणाला, तर ते सगळ्यांचं ‘नको’ धरायचं का?

उत्तरं मनात ठेवू नका. सोबत्यांना फोन लावा, परतीची वेळ ठरवा, आणि ती घरच्यांनाही सांगून ठेवा.