विसावा कोणी द्यायचा?

गायरान हा शब्द मराठीचा की कानडीचा, यावर आमच्या सीमाभागात कोणी भांडत नाही. दोन्ही घरांची गुरे तिथे एकत्रच चरतात. यंदा ग्रामसभेत त्याच गायरानावर चराईबंदीचा विषय निघाला आणि मी उत्साहाने हात वर केला.

शास्त्र माझ्या बाजूला होते. आंद्रे व्वाझँ या फ्रेंच संशोधकाने १९५७ साली गवताच्या उत्पादनावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः नॉर्मंडीत गुरे पाळी. कुरणात गुरे किती, यापेक्षा ती किती दिवस राहिली आणि गवताला विसावा किती मिळाला, हे त्याने महत्त्वाचे मानले. खुडलेले गवत मुळांतल्या साठ्यावर पुन्हा फुटते. तो साठा भरण्याआधीच दुसरा घास घेतला की मूळ खचते. आपल्याकडे मग मारवेल, शेडा ही सकस गवते हटतात आणि कुसळीचे फावते.

सभा संपल्यावर चार शेळ्या राखणारी एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, गवताला इसावा द्या की. पण तवर माझ्या शेळ्यांस्नी काय घालू?"

मी निरुत्तर झालो. माझ्या परड्यात कडब्याची गंजी होती. माझ्या मताने माझे काहीच जाणार नव्हते. ज्याच्यापाशी दुसरा घास आहे त्याने थांबणे हा संयम. ज्याच्यापाशी नाही त्याला थांबवणे ही उपासमार. दोहोंना एकच नाव देऊन आपण स्वतःला नीतिमान समजतो.

म्हणून गायरान मोकाट सोडावे काय? तीही दया नव्हे. पुढल्या साली त्याच शेळ्यांच्या तोंडी कुसळे येतील. वाट मधली आहे. व्वाझँने कुरणाला कुलूप लावले नव्हते; त्याचे तुकडे पाडून गुरे पाळीपाळीने फिरवली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराई बंद केली, पण विळ्याला वाट मोकळी ठेवली; गवत कापून गोठ्यात नेले.

पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. गायरानाचे चार भाग करून एकेक खुला ठेवावा आणि बंद भागातले कापणीचे पहिले गवत भूमिहीनांना मिळावे. पहिल्या वर्षी माझ्या म्हशी गायरानात जाणार नाहीत. घरात यावर कुरबुर सुरू झाली आहे. माझ्या मताची किंमत आता कुठे मला कळू लागली आहे.