उशाशी कोण?

आजाऱ्याची विचारपूस ही आपण उपचाराची पुरवणी मानतो. ती उपचाराचेच एक अंग नव्हे काय?

घरच्या घरी करावयाच्या मेंदू-उत्तेजनाची एक चाचणी हा प्रश्न आपल्यापुढे ठेवते. इंग्लंड, वेल्स आणि अमेरिकेतील टेक्सास येथील नैराश्यग्रस्त १७४ जण तीत सहभागी होते; निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण घरीच कपाळावर पट्टा बांधीत. त्यातून अर्धा तास दोन मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युतप्रवाह मेंदूच्या पुढील भागाकडे जाई. तज्ज्ञ दूर राहून व्हिडिओभेटीतून प्रकृती जाणून घेत. दहा आठवड्यांअखेर शेकडा सुमारे ४५ रुग्णांची लक्षणे जवळजवळ ओसरली. ज्यांच्या पट्ट्यातून प्रत्यक्ष उपचाराचा प्रवाह जात नव्हता, त्यांच्यातही शेकडा सुमारे २२ जण असेच सावरले.

या अंतरातून विजेचा गुण दिसतो. पण त्या २२ जणांना कशाने सावरले? काळाने, आशेने, की व्हिडिओभेटीत कोणी आस्थेने चौकशी करीत होते म्हणून? चाचणी याचा निवाडा करीत नाही. आपले कर्तव्य मात्र तेवढ्यासाठी अडत नाही. उद्या खर्च वाचविण्यासाठी ही विचारपूस गाळली, तर उपचार घरपोच होईल आणि रुग्ण एकटा पडेल. नैराश्यात एकटेपणाच माणसाला अधिक खचवितो.

दूरच्या तज्ज्ञाने जरूर लक्ष ठेवावे. परंतु पडद्याला हात हाती घेता येत नाही; उशाशी बसण्याचे काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचेच आहे.