रविवार कोणाचा?

विश्रांती ही माणसाची गरज आहे, की त्याचा हक्क, की त्याने श्रमाने मिळवलेली कमाई? प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटतो. परंतु आपण दुसऱ्याच्या विश्रांतीकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याच्या उत्तरावरून ठरते. गरज म्हटली, तर ती सर्वांचीच असते. हक्क म्हटला, तर तो मागावा लागतो, प्रसंगी त्यासाठी झगडावे लागते. आणि कमाई म्हटली, तर ज्याने पैसे मोजले त्याचीच ती. बरीच वर्षे मी नकळत या तिसऱ्या पक्षात होतो. एका फसलेल्या सहलीने मला तेथून हलवले.

गोष्ट ऑगस्ट २०१८ची. मी बँकेत नोकरीला होतो. वसई ते चर्चगेट हा रोजचा प्रवास, आणि आठवडा संपता संपता शरीरासोबत मनालाही येणारा शिणवटा, हे वाचकांपैकी अनेकांना सांगायला नकोच. दुसऱ्या शनिवारची सुटी आणि तिला जोडून येणारा रविवार, असे दोन दिवस माथेरानला घालवायचे आम्ही ठरवले. पत्नी, दोन मुले आणि आई. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. तरुणपणी पहाटे तीनला उठून तिने वाडीतली भाजी काढली, पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गाठले आणि मुंबईच्या बाजारात ती विकली. डोंगर तिने पाहिला तो वाडीतून दिसणारा तुंगारेश्वराचाच. ‘‘थंड हवेचं ठिकाण म्हणजे काय असतं, ते एकदा बघू दे मला,’’ असे ती सहज म्हणाली होती. तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारण्यापूर्वी ही इच्छा पूर्ण करावी, असे मला वाटत होते.

मी कागदावर वेळापत्रक आखले. शनिवारी दुपारी पोहोचणे, संध्याकाळी सूर्यास्त, रविवारी पहाटे पॅनोरमा पॉइंट, अकराला नाश्ता, तीनला परतीचा प्रवास. पावसाळ्यात सूर्य दिसेलच कशावरून, हा प्रश्न पत्नीने विचारला होता. ‘‘मधूनमधून उघडतं,’’ असे उत्तर मी दिले. ज्याने वेळापत्रक आखले आहे, त्याला निसर्गही आपल्या नोकरीत आहे असे वाटू लागते.

घरून निघायलाच उशीर झाला. नेरळहून घाट चढताना आमची गाडी मध्येच बंद पडली आणि दीड तास भर पावसात गेला. माथेरानचा डोंगर सुमारे आठशे मीटर उंच. १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी तो शोधला, असे सांगतात. अर्थात रानातल्या आदिवासींना तो आधीपासून ठाऊकच होता. या गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर वाहन सोडायचे आणि पुढची सुमारे अडीच किलोमीटरची वाट पायी, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने कापायची. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या दिवशीची शेवटची गाडी निघून गेली होती. अंधार पडत होता. आईला चालणे शक्य नव्हते आणि घोड्यावर बसणे तर त्याहून नव्हते. उरली हातरिक्षा.

तीन माणसे पुढे आली. एक पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार. भाव ठरला. मी त्यात थोडी घासाघीसही केली, हे कबूल केले पाहिजे. आई बसली. मुले आणि आम्ही दोघे मागून चालू लागलो. माथेरानची तांबडी माती पावसात लोण्यासारखी होते. एका चढावर रिक्षा थांबली. मिनिट झाले, दोन मिनिटे झाली. दिवसभराचा वैताग माझ्या जिभेवर आला. ‘‘काय झालं? ठरलेले पैसे देणार आहे ना मी? मग चला की!’’

पुढचा माणूस पन्नाशीचा असावा. त्याने डोळ्यांवरचे पाणी पुसले आणि शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, पुढं दगड वर आलेत. जोर लावला तर आजींना हिसका बसेल. माणूस गेलाय दगड बाजूला करायला.’’

मी ज्याला आळस समजलो, ती माझ्याच आईची काळजी होती. ती त्या माणसाला सुचली; मला सुचली नव्हती.

आई सारे ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘मला उतरव.’’ मी नको म्हणालो. रिक्षावाला तर घाबरलाच. ‘‘आजी, उतरू नका. लोक बघतील, म्हणतील म्हातारीला चिखलातून चालवली. आणि आमचं भाडं...’’ आईने त्याचे वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. ‘‘भाडं सगळं मिळेल, बाबा. ओझं डोक्यावर असलं की चढ केवढा असतो, मला ठाऊक आहे.’’ त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती तेवढा चढ चालली. दहा पावलांना एकदा थांबत चालली. वर गेल्यावर पुन्हा रिक्षात बसली.

त्या रात्री तिचा गुडघा सुजला. रविवारी पहाटे पॅनोरमा पॉइंट राहिला बाजूला. खिडकीबाहेरचे झाडदेखील धुक्यात हरवले होते. वीज गेली होती. दिवसभर पाऊस कोसळत राहिला. वेळापत्रकाचा कागद माझ्या खिशातच भिजून गेला होता. मुले कंटाळून अखेर आजीच्या भोवती गोष्टी ऐकत बसली. मी व्हरांड्यात धुमसत होतो. दोन दिवसांचे पैसे, रजेचे नियोजन, आणि हाती काय?

दुपारी गरम पाण्याची पिशवी घेऊन खोलीवर काम करणारा मुलगा आला. सकाळपासून त्याची ही सहावी-सातवी खेप असेल. आईने त्याला विचारले, ‘‘तुझा रविवार कधी असतो रे?’’ तो प्रथम गोंधळला, मग हसला. ‘‘आजी, रविवारी तर तुम्ही लोक येता.’’

या साध्या वाक्याने मला जितके अस्वस्थ केले, तितके एखाद्या प्रवचनानेही केले नसते.

आपल्याला साप्ताहिक सुटी आयती मिळाली, असे आपण समजतो. ती आयती नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगारांसाठी महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून ती मागितली. सभा झाल्या, अर्ज झाले आणि १० जून १८९०पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. म्हणजे ज्या रविवारी मी डोंगरावर आरामाला गेलो, तो मुळात श्रमिकाने श्रमिकासाठी मिळवला होता. त्याच रविवारी माझ्या आरामासाठी दुसरा श्रमिक चिखलातून रिक्षा ओढत होता, आणि मी त्याला ‘चला की’ म्हणत होतो.

धर्मपरंपरांना ही विसंगती फार पूर्वी जाणवलेली दिसते. शब्बाथाची आज्ञा घरधन्याला विश्रांती घे एवढेच सांगून थांबत नाही. त्याचे दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका, सर्वांना ती त्या दिवसात सामावून घेते. आपल्या शेतकऱ्याचा पोळाही हेच सांगतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपाने चोळतात. दोन्हींचा गाभा एकच: आपली विश्रांती दुसऱ्याच्या खांद्यावर उभी असेल, तर तो खांदा आठवलाच पाहिजे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘आपण गेलोच नाही, तर त्यांची चूल कशी पेटेल?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. हातरिक्षात बसणे मला अमानुष वाटले म्हणून मी पायी निघालो, तर माझे मन निर्मळ राहील. त्याची मुले मात्र उपाशी राहतील. स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्याची भाकरी काढून घेणे, ही दया नव्हे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देताना, त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आणि त्यांना ई-रिक्षा देण्याचाही विचार केला, तो याचसाठी. माणसाने माणसाला ओढावे, ही प्रथा जायलाच हवी; पण प्रथेबरोबर माणूस जाता कामा नये.

न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपल्या वाट्याचे काय? मला वाटते, आईने त्या चढावर जे केले त्यात उत्तराचा अंश आहे. तिने रिक्षा नाकारली नाही आणि पैसे मोजले म्हणून माणूस विकत घेतला असेही मानले नाही. जेथे त्याचा भार हलका करता आला, तेथे तो केला. आणि भाडे पूर्ण दिले. घासाघीस करून मी कमी केलेली रक्कमही तिने माझ्याकडून त्याला देवविली.

फसलेल्या सहलीतही काही चांगले असते, असे म्हणून मला स्वतःची समजूत घालायची नाही. सहल नीट पार पडली असती, तर ती माणसे मला दिसलीच नसती, हीच गोष्ट अधिक बोचते. आखलेले सारे सुरळीत चालते, तेव्हा रिक्षावाला म्हणजे केवळ रिक्षा, खोलीवरचा मुलगा म्हणजे केवळ गरम पाणी. बेत मोडला आणि त्यांना चेहरे आले. चेहरे दिसण्यासाठी बेत मोडावाच लागावा, ही आपल्या नजरेची गरिबी आहे.

आई २०२२मध्ये गेली. माथेरानहून परतल्यावर शेजारच्या बायकांनी तिला विचारले होते, ‘‘काय बघितलंस?’’ ती म्हणाली, ‘‘धुकं. आणि माणसं चांगली होती.’’ सूर्यास्ताचे नाव तिने काढले नाही.

आता मी सेवानिवृत्त आहे. सगळेच वार मला सारखे आहेत. तरीही रविवारी कोणी दारात दूध टाकतो, कोणी बस चालवतो, कोणी रुग्णालयात रात्रपाळी संपवून घरी निघते. त्यांच्यापैकी कोणाशी बोलायची वेळ आली, की आईचा प्रश्न ओठांवर येतो. प्रत्येक वेळी मी तो विचारतोच असे नाही, संकोच वाटतो. कारण उत्तर मिळाले, तर त्यासाठी मला काहीतरी करावे लागेल, हे आता मला ठाऊक आहे.