शब्दापाशी थांबणे : ऑगस्टिनचा चिन्हविचार आणि मध्ययुगीन काव्यापुढील नैतिक प्रश्न

१

मध्ययुगीन युरोपीय काव्याचा विचार करताना ख्रिस्ती ईश्वरशास्त्राचा उल्लेख बहुधा 'पार्श्वभूमी' म्हणून केला जातो. कवीच्या श्रद्धा, त्याला परिचित असलेली बायबलमधील कथानके, रूपकात्मक अर्थनिर्णयनाची परंपरा यांची नोंद करून समीक्षक प्रत्यक्ष काव्याकडे वळतो. या पद्धतीत एक महत्त्वाचा मुद्दा निसटतो. आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती विचारवंतांनी भाषेसंबंधी जे चिंतन केले, त्याने पुढील कवींना विषय पुरविलेच. परंतु त्याचबरोबर काव्य रचणे आणि वाचणे या कृतींनाच नैतिकदृष्ट्या अडचणीत आणले. शब्द हे जर आपल्यापलीकडील कशाकडे तरी नेणारे चिन्ह असेल, तर शब्दापाशीच रेंगाळणारा वाचक आणि त्याला रेंगाळावयास लावणारा कवी यांच्या हातून दोष घडतो काय, असा तो प्रश्न आहे. मध्ययुगातील श्रेष्ठ काव्य हा प्रश्न टाळत नाही. तो आपल्या रचनेतच सामावून घेते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी संत ऑगस्टिन (३५४–४३०) याच्या 'दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना' या ग्रंथात आढळते. इ. स. ३९६ च्या सुमारास आरंभिलेला हा ग्रंथ त्याने तीस वर्षांनी पूर्ण केला. त्यात दोन भेद एकमेकांशी गुंफलेले आहेत. पहिला वस्तू आणि चिन्ह यांतील. दुसरा 'उती' आणि 'फ्रुई' या क्रियांतील, म्हणजे उपयोग आणि आस्वाद यांतील. एखाद्या गोष्टीला तिच्यासाठीच प्रेमाने बिलगून राहणे हा आस्वाद. तिच्या साहाय्याने दुसऱ्या इष्ट गोष्टीपर्यंत पोहोचणे हा उपयोग. ऑगस्टिनच्या मते खऱ्या अर्थाने आस्वाद घेण्याजोगा एक ईश्वरच होय. उरलेली सृष्टी वाटेवरची आहे. स्वदेशी परतू पाहणारा प्रवासी वाहनाच्या आणि रस्त्याच्या सुखातच गुंगला, तर तो घरी पोहोचणार नाही, असा दृष्टान्त तो देतो.

मराठी समीक्षेत 'आस्वाद' ही संज्ञा इतकी रुळलेली आहे की, काव्याच्या संदर्भात तिचे समर्थन करावे लागते असे आपल्याला वाटतही नाही. ऑगस्टिनने नेमका हाच शब्दव्यवहार ईश्वरासाठी राखून ठेवला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या भूमिकेची तीव्रता जाणवते. 'कन्फेशन्स'च्या पहिल्या भागात, डायडोच्या मरणासाठी आपण बालपणी रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या मरणासाठी मात्र रडलो नाही, असे तो खंतावून सांगतो. येथे व्हर्जिलची कथा खोटी आहे हा दोष दुय्यम आहे. अश्रू चुकीच्या ठिकाणी थांबले हा मुख्य दोष आहे.

याच ग्रंथाच्या चौथ्या भागात भाषेचा आणि प्रेमाचा प्रश्न एकत्र येतो. तरुण मित्राच्या मृत्यूने कोसळलेला ऑगस्टिन म्हणतो की, मर्त्य माणसावर आपण तो जणू कधी मरणारच नाही असे प्रेम केले. लगेचच तो बोलण्याच्या स्वरूपाकडे वळतो. एक अक्षर उच्चारून नाहीसे झाले नाही तर दुसऱ्याला जागा मिळणार नाही, आणि वाक्य पूर्ण होणार नाही. मर्त्य वस्तूंचेही तसेच आहे. अक्षराला धरून ठेवू पाहणारा वाक्याला मुकतो. मित्राला धरून ठेवू पाहणारा ज्या पूर्णतेचा तो अंश होता तिला मुकतो. हा विचार कठोर आहे, परंतु ज्याला वियोगाचा अनुभव आहे त्यानेच तो केलेला आहे. म्हणून ऑगस्टिनच्या चिन्हविचाराला केवळ भाषाशास्त्रीय उपपत्ती मानणे अपुरे ठरते. नश्वर गोष्टीवर प्रेम कसे करावे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

३

तथापि ख्रिस्ती ईश्वरशास्त्रातच या कठोरपणाला छेद देणारे दुसरे तत्त्व आहे, आणि तेही ऑगस्टिननेच विकसित केले. 'दे त्रिनिताते'च्या पंधराव्या भागात तो अंतःकरणातील शब्दाविषयी बोलतो. हा शब्द ग्रीक नव्हे, लॅटिन नव्हे. तो कोणत्याच भाषेचा नाही. तो प्रकट व्हावयाचा असेल तर त्याला ध्वनी धारण करावा लागतो. जसा ईश्वराचा शब्द देहात रूपांतरित न होता देह धारण करता झाला, तसा हा आंतरिक शब्द ध्वनीत विलीन न होता ध्वनी धारण करतो. या सादृश्यामुळे उच्चारित शब्दाला दुय्यम स्थान मिळाले हे खरे. पण त्याच वेळी त्याला देहधारणेच्या प्रतिष्ठेचा अंशही लाभला. ज्या धर्माचा केंद्रबिंदू देह धारण केलेला शब्द हा आहे, त्याला ध्वनीचा, म्हणजेच भाषेच्या देहाचा, सर्वस्वी तिरस्कार करता येत नाही.

या तत्त्वाचा शैलीविचारावर झालेला परिणाम एरिख आउअरबाख याने विस्ताराने दाखविला आहे. सिसेरोच्या परंपरेत लहान विषयाला साधी, मध्यम विषयाला मध्यम आणि थोर विषयाला उदात्त शैली असे गणित होते. तारुण्यात ऑगस्टिनला बायबलची भाषा सिसेरोपुढे हलकी वाटली होती. 'दे दोक्त्रिना'च्या चौथ्या भागात मात्र तो सांगतो की, ख्रिस्ती वक्त्याचा कोणताच विषय क्षुद्र नसतो. तहानलेल्याला दिलेला थंड पाण्याचा पेलासुद्धा थोर विषय होऊ शकतो. अशा रीतीने विषयाची थोरवी आणि शब्दाची भारदस्ती यांचा प्राचीन करार मोडला. अतिसामान्य भाषेत परमोच्च आशय सांगता येतो, या जाणिवेवाचून लोकभाषांतील मध्ययुगीन काव्याची कल्पना करणे अवघड आहे.

पूर्वेकडील परंपरेत, डायोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या इ. स. ५०० च्या सुमाराच्या लेखकाने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. दिव्याचे वर्णन करताना सुंदर प्रतिमांपेक्षा विसंगत, ओबडधोबड प्रतिमा अधिक सुरक्षित असतात, कारण त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही, असे तो म्हणतो. ईश्वराला तेज म्हटले तर मन तेजातच रमेल. कृमी म्हटले तर मनाला पुढे जावेच लागेल. सौंदर्य हीच प्रतिमेतील धोक्याची जागा ठरविणारा हा विचार कवीला अस्वस्थ करणारा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हाच धागा उचलला. त्याने असा भेद केला की, काव्य रूपके योजते ते प्रतिरूपणात माणसाला स्वभावतः आनंद वाटतो म्हणून. ईश्वरशास्त्र ती योजते ते आवश्यकता आणि उपयुक्तता यांसाठी. उपयोग आणि आस्वाद यांची जुनी विभागणी येथे दोन शास्त्रांतील सीमारेषा बनते, आणि काव्य रेषेच्या पलीकडे, केवळ आनंदाच्या बाजूस पडते.

ही सीमारेषा प्रत्यक्ष व्यवहारात किती डळमळीत होती, याचा एक पुरावा बीडच्या इंग्लिश चर्चच्या इतिहासात (७३१) मिळतो. व्हिटबी येथील कॅडमन या अशिक्षित गुराख्याला स्वप्नात गायनाची देणगी मिळाल्याची कथा सांगताना बीड त्याच्या गीताचा लॅटिन भावार्थ देतो, आणि हे मूळ शब्दांचे रूप नव्हे, अशी पुस्ती जोडतो. काव्य कितीही उत्तम रचलेले असले तरी सौंदर्य आणि गांभीर्य न गमावता ते शब्दशः दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. शब्द केवळ वाहन असते तर वाहन बदलल्याने प्रवाशाचे काही बिघडले नसते. एका धर्मनिष्ठ पंडिताने, कदाचित परिणामांचा विचार न करता, दिलेली ही कबुली मोलाची आहे.

४

या दोन तत्त्वांमधील ताण दान्तेच्या (१२६५–१३२१) 'कोमेदिया'त सर्वांत समृद्ध रूपात दिसतो. 'पुर्गातोरियो'च्या दुसऱ्या सर्गातील प्रसंग या दृष्टीने निर्णायक मानावा लागेल. नौकेतून येणारे आत्मे इजिप्तमधून इस्राएलच्या सुटकेचे स्तोत्र गात येतात. त्यांच्यात दान्तेला आपला दिवंगत मित्र, गायक कासेला, भेटतो. दान्ते त्याला तीनदा कवटाळू पाहतो. तिन्ही वेळा हात रिकामे आपल्याच छातीशी परततात. मग तो कासेलाला गाण्याची विनंती करतो, आणि कासेला जे गातो ते दान्तेचेच जुने प्रेमगीत असते. 'कोन्व्हिव्हियो'च्या तिसऱ्या प्रकरणात दान्तेने ज्यावर तत्त्वज्ञानपर भाष्य केले होते तेच हे गीत. सारे आत्मे, आणि व्हर्जिलसुद्धा, मुग्ध होऊन थांबतात. इतक्यात पर्वताचा रखवालदार केटो येऊन त्यांना फटकारतो, आणि दाणे टिपणारी कबुतरे उधळावीत तसे ते पांगतात.

ऑगस्टिनच्या मांडणीतील सारे घटक येथे एकत्र आले आहेत. धरून ठेवता न येणारा मित्र आहे, धरून ठेवता न येणारे गीत आहे, आणि वाटेतच रमलेले प्रवासी आहेत. म्हणून अनेक अभ्यासक या प्रसंगाला दान्तेने स्वतःच्या पूर्वकाव्याचा केलेला त्याग मानतात. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या गीताचा गोडवा अद्यापही आपल्या अंतरी निनादतो आहे, असे दान्ते वर्तमानकाळात सांगतो. हे बोलणारा प्रवासी दान्ते नव्हे. तो सारा प्रवास संपवून, परमदर्शन घेऊन परतलेला आणि आता लिहीत असलेला कवी आहे. केटोची आज्ञा त्याने पाळली. तो पुढे गेला. आणि तरीही गीत त्याच्याबरोबर गेले. याचा अर्थ असा की, पुढे जाणे आणि विसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसाव्या सर्गात ही भूमिका अधिक धाडसी होते. बिआत्रिचे दिसताच दान्ते व्हर्जिलकडे वळून जे बोलू पाहतो, तो डायडोच्या तोंडच्या शब्दांचा अनुवाद आहे. आणि तोपर्यंत व्हर्जिल नाहीसा झालेला असतो. दान्ते रडतो. बिआत्रिचे त्याला यासाठी रडू नको म्हणते, कारण त्याला आपल्या अपराधांसाठी रडावयाचे आहे. ऑगस्टिनने ज्या अश्रूंचा पश्चात्ताप केला, तेच अश्रू दान्ते स्वर्गाच्या उंबरठ्यावर, फटकारले जाण्याची पूर्ण जाणीव ठेवून, ढाळतो. येथे ऑगस्टिनचा नियम मोडलेला नाही. परंतु नियमाची किंमत काय आहे ती वाचकाला मोजून दाखविली आहे.

भाषेच्या नश्वरतेबाबतही दान्तेने असाच मार्ग चोखाळला. 'दे व्हुल्गारी एलोक्वेन्तिया'त त्याने आदमची भाषा हिब्रूच्या रूपाने टिकून राहिल्याचे मानले होते. 'पारादिझो'च्या सव्विसाव्या सर्गात आदम स्वतःच ते खोडून काढतो : आपली भाषा बाबेलच्या मनोऱ्यापूर्वीच लोपली होती, आणि ईश्वराचे नावसुद्धा पृथ्वीवर बदलले. फांदीवरची पाने गळतात आणि नवी येतात, तसा माणसांचा शब्दव्यवहार. कोणतीच भाषा चिरंतन नसेल, तर लॅटिनला तस्कनीच्या बोलीपेक्षा अधिक पवित्र मानण्याचेही कारण उरत नाही. ऑगस्टिनच्या हातात अक्षरांची क्षणभंगुरता ही वैराग्याची शिकवण होती. दान्तेने तिच्यातूनच लोकभाषेचा अधिकार सिद्ध केला.

हा ताण दान्तेबरोबर संपला नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पिअर्स प्लाउमन'मध्ये इमॅजिनेटिफ हे पात्र नायकाला, स्तोत्रे म्हणावयाची सोडून काव्य काय जुळवत बसलास, असे खडसावते, आणि हे खडसावणे काव्यातच ग्रथित होते. 'कँटरबरी टेल्स'च्या अखेरीस चॉसर आपल्या ऐहिक रचना मागे घेतो; पण मागे घेताना त्यांची नावे मोजून ठेवतो. मराठी वाचकाला याचा एक दूरचा, परंतु खरा, दुवा गोव्यात सापडेल. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. लॅटिन परंपरेत घडलेला हा धर्मोपदेशक ख्रिस्तकथा ओवीत सांगतो, स्वर्गाला 'वैकुंठ' हा शब्द योजतो, आणि आरंभी कथा बाजूला ठेवून मराठी भाषेची उपमांमागून उपमा देत स्तुती करतो. भाषा हे उपदेशाचे निव्वळ साधन असते, तर त्या ओव्यांची गरज नव्हती. तोही क्षणभर शब्दापाशी थांबला आहे.

५

या साऱ्याचा आपल्या समीक्षाव्यवहाराशी काय संबंध? डी. डब्ल्यू. रॉबर्टसन याने 'अ प्रेफेस टू चॉसर' (१९६२) मध्ये असे मानले की, मध्ययुगीन काव्य ऑगस्टिनच्या सूत्रानुसार ईश्वरप्रीतीच्या शिकवणुकीकडे नेणारे म्हणूनच वाचले पाहिजे. ही भूमिका ऑगस्टिनशी प्रामाणिक वाटते, परंतु ती कवचातून गर मिळाल्यावर कवच फेकून देते. उलट, काव्याच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता समीक्षक ईश्वरशास्त्राला काळाचे ओझे समजून दूर सारतो, आणि केटोचा आवाज ऐकतच नाही. नंतरच्या चिन्हमीमांसेने चिन्हाकडून चिन्हाकडे जाणारी साखळी ठेवली आणि तिचा अंतिम टप्पा वगळला. त्यामुळे थांबणाऱ्याला कोणी दोष देत नाही, पण पुढे जाण्याचे कारणही सांगता येत नाही. शिवाय काव्याला इतिहासाचा वा विचारसरणीचा पुरावा म्हणून राबविणारे आजचे पुष्कळसे लेखन, ईश्वराला न मानताही, 'उपयोगा'चेच ईश्वरशास्त्र आचरीत असते.

ऑगस्टिनने चिन्हाची जी व्याख्या केली तिच्यातच एक उत्तर दडलेले आहे. इंद्रियांवर स्वतःचा ठसा उमटवून त्याखेरीज दुसऱ्या कशाचे तरी भान मनात आणणारी वस्तू म्हणजे चिन्ह. म्हणजे चिन्ह आधी वस्तू असते. तिचा ठसाच उमटला नाही तर ती कोठेही नेणार नाही. शब्दापाशी थांबणे ही शब्दापलीकडे जाण्याची अट आहे. तेथे कायमचे वसतीला राहणे हा दोष. किती थांबावे याचे माप कोणत्याही सिद्धान्ताला आगाऊ देता येत नाही, जसे मर्त्य माणसावर किती प्रेम करावे याचेही देता येत नाही. स्वतः ऑगस्टिनलाही माणसाने माणसाचा उपयोग करावा की आस्वाद घ्यावा, हा प्रश्न अडखळवून गेला, आणि अखेरीस परस्परांचा ईश्वराच्या ठायी आस्वाद घ्यावा, अशा मधल्या शब्दप्रयोगाचा त्याला आधार घ्यावा लागला. ईश्वर न मानणाऱ्या वाचकाला हा आधार उपलब्ध नाही. पण अडखळणे मात्र त्याच्याही वाट्याला आले पाहिजे. कवितेला थेट निष्कर्षापर्यंत नेणारे वाहन समजणाऱ्या वाचकाने कासेलाचे गाणे ऐकलेलेच नाही. आणि केटोने हाक मारल्यावरही जो उठला नाही, त्याला ते गाणे पर्वतावर का गायले गेले, हे कळलेले नाही.