पानाची खालची बाजू

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता. घड बाहेर पडले होते, फुलोरा तोंडावर आला होता आणि तेरमध्ये सलग तीन दिवस अवकाळी पाऊस पडला. द्राक्षाला यापेक्षा वाईट वेळ नाही. पान ओलं राहिलं की डाउनी येतो आणि घडच हातचे जातात. पूर्वी छाटणीनंतरचे दिवस मोजून फवारण्या ठरायच्या. आता पाऊस ते गणित पाळत नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं, तसा मी काकांच्या बागेवर ड्रोन उडवला. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. कॅमेरा दोन्ही मोजतो आणि त्यावरून एनडीव्हीआयचा नकाशा तयार होतो. माझ्या नकाशात हिरवं म्हणजे जोमदार, लाल म्हणजे अशक्त.

काकांची बाग हिरवी होती. पण फोटोच्या कडेला, बांधापलीकडे, आबांच्या बागेत तीन ओळींवर लाल पट्टा दिसला.

आबांनी मला बोलावलं नव्हतं. मग न विचारता दिसलेलं हे कुणाचं? सांगावं की गप्प बसावं?

काका म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? गावात बभ्रा झाला तर व्यापारी त्यांचा भाव पाडंल, अन् बोल तुला लागंल."

काकांचं चूक नव्हतं. पण रोगाला बांध कळत नाही. आज तिकडे असेल तर उद्या आमच्याकडे. खरं सांगायचं तर मी आबांकडे निघालो तो निम्मा आमच्याच बागेच्या काळजीने.

"आबा, न विचारता तुमची बाग बघितली. चुकलं माझं," म्हणत मोबाईल पुढे केला. त्यांनी क्षणभर नकाशा पाहिला आणि काही न बोलता बागेत शिरले. लाल पट्ट्यातलं एक पान उलटलं. स्वच्छ. दुसरं, तिसरंही स्वच्छ. मग पायानं माती दाबली. पाणी वर आलं.

"हितं सखल हाय. पाणी साचलंय, मुळ्या गुदमरल्यात. रोग न्हाई."

परत येताना नकाशात हिरव्या दिसणाऱ्या ओळीत ते थांबले. एक पान उलटून माझ्यासमोर धरलं. खाली पांढरी बुरशी. डाउनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूला उगवते आणि माझा ड्रोन फक्त वरून बघतो.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. नामदेव कच्चे ठरले, त्यांना रागही आला. लहानपणी मला ती पारख आवडायची. आता नामदेवांचा राग जास्त कळतो. न विचारता कुणी आपल्याला पारखलं तर लागतंच. पण गोरोबाकाकांनी निदान जवळ जाऊन हात लावून पारखलं, आणि समोरासमोर सांगितलं.

उद्या हाच लाल पट्टा कर्ज देणाऱ्या किंवा विमा उतरवणाऱ्या कुणी दूर बसून पाहिला, तर पान कोण उलटणार? माती कोण दाबणार? नकाशा खोटं बोलत नाही, पण झाड अशक्त का आहे हे त्याला माहीत नसतं. ते शोधायला उतरण्याची तयारी नसेल, तर वरून बघून निकाल देण्याचा हक्कही आपल्याला नाही, असं मला वाटतं. आणि एकदा दिसल्यावर गप्प बसण्याचाही नाही.

त्या संध्याकाळी दोन्ही बागांत फवारणी झाली, आणि आबांनी साचलेल्या पाण्याला चर काढून दिला.

आता ड्रोन उडवण्याआधी मी बांधावरच्या सगळ्यांना विचारतो. आबा म्हणतात, "उडव की. पण मग बागेत चल."