उशिराचा हिशेब

जव्हार तालुक्यातलं जामसरसारखं गाव पन्नास वर्षं मागे आहे, असं एखाद्या बैठकीत कुणी म्हणालं तर ते कुणालाच खटकत नाही. अपयश असं वर्षांत मोजायची सवय मात्र अलीकडची. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर वेळ कामावरून ओळखली जाई. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की नागली-वरईची रोपं, मग आवणी, बेणणी, कापणी. पाऊस लांबला तर रोप करपायचं, घरात चणचण व्हायची. पण चुकला तो पाऊस. माणूस नापास होत नसे. (त्या काळाला सुवर्णयुग म्हणायचा माझा बेत नाही. भूक तेव्हाही होतीच.)

माणसाचा वेळ दुसऱ्याच्या वहीत गेला तो कर्जामुळे. शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात लग्नगडीची पद्धत होती. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यायचे आणि फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. फिटले की नाही, हे वही सांगणार, आणि वही वाचता येणार ती सावकाराला. 1945 साली झरी इथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर वारली आदिवासींनी वेठ नाकारली. लग्नगडी गेला, उचल राहिली. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेलं कुटुंब आजही बहुधा अडीनडीला घेतलेल्या पैशांपोटी आपला सगळा हिवाळा-उन्हाळा आधीच देऊन बसलेलं असतं. पोरं शाळेच्या पटावर गैरहजर लागतात, आणि मागे पडली म्हणून बोल लागतो तोही पोरांनाच.

घड्याळाची कथा तर याहून गमतीची. 1906 साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तेव्हा मुंबईने नाक मुरडलं. प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे असलेला स्वतःचा 'बॉम्बे टाइम' शहरात 1955 पर्यंत चालू राहिला. जवळपास पन्नास वर्षं हे शहर रीतसर मागे होतं, पण त्याला मागास कुणी म्हटलं नाही. ऐपत असली की उशिराचाही बाणा होतो.

ऐपत नसेल तिथे मात्र उलटं. 1992-93मध्ये जव्हार तालुक्यातल्याच वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. राज्य हादरलं, मग योजना आल्या. त्या आधी यायला हव्या होत्या, हा उशीर कुणाच्या नावावर चढला? आदिवासींच्या अज्ञानावर चर्चा मात्र भरपूर झाली.

आता वही मोबाइलमध्ये आली आहे. 2023 पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी अ‍ॅपवर गेली, दिवसातून दोनदा फोटो. डोंगराआड रेंज मिळेना आणि फोटो चढेना, तर दिवसभर माती उपसूनही तो दिवस भरलाच नाही. मजुराने उशीर केला तर खाडा. सरकारने केला तर? त्याचीही सोय नियमांत केली गेली. मजुरी 15 दिवसांत द्यायची, नाही दिली तर थकलेल्या रकमेवर रोज 0.05 टक्के भरपाई. म्हणजे 300 रुपयांच्या मजुरीवर दिवसाला 15 पैसे.